चौदापैकी आठ पूर्णांक चार

मावला, आदिलाबाद
शनिवार, १६ नोव्हेंबर १९९१

तीर्थरूप अण्णाकाका,

पद्मिनीचा नमस्कार. काकूंना वेगळा नमस्कार, कारण तुमच्या पत्रातला त्यांच्यापर्यंत पोचत नाही असं त्यांनी दिवाळीत सांगितलं. आधी झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी मुद्दा तुमच्याजवळ राहील.

१. गेल्या वर्षी जुलैत बाबांनी घरामागच्या तुकड्यात संत्र्याची चाळीस कलमं लावली.
२. यंदा मे महिन्यात त्यांची पानं पिवळी पडली. शिरा हिरव्या राहिल्या.
३. जूनमध्ये मी बाबांना कारण सांगितलं. जुलैत बाबांनी तुम्हाला कारण विचारलं.
४. ऑगस्टमध्ये तुम्ही चुना घालायला लिहिलंत. पहिल्या ओळीतल्या आठ झाडांना घातला.
५. दसऱ्यापर्यंत त्यातली तीन मेली. चार निष्पर्ण आहेत. एकाबद्दल मतभेद आहेत.
६. तुमचं बारा तारखेचं पत्र काल आलं. चुना कमी पडला, असं त्यात आहे.
७. चोवीस तारखेला, रविवारी, भट्टीवरून चुन्याची ट्रॉली यायची आहे. उरलेल्या बत्तीस झाडांसाठी.

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटल्यावर तुम्ही रोज गच्चीवर फेऱ्या मारायला सुरुवात केलीत, असं काकू म्हणाल्या. मी फक्त नोंद करते. (आपल्या घराण्यात तज्ज्ञाचा सल्ला घेतात जरूर, आपण नेमकं काय करायचं नाही हे कळल्याशिवाय ते करण्यात मजा नसते.) इकडे बाबांची प्रकृती उत्तम. आईची प्रकृती बाबांच्या उद्योगांवर अवलंबून असते, त्यामुळे ती मध्यम. माझी चांगली आहे. माझ्या प्रकृतीची चौकशी तुम्ही पत्रात केलेली नव्हती, पण रकाना रिकामा राहू नये म्हणून लिहिलं.

आता झाडांबद्दल. बाबांनी पोस्टात चौतीस वर्षं काढली हे तुम्हाला मी सांगायला नको, पण निवृत्त झाल्यावर त्यांनी प्रत्येक कलमाला एकेका पोस्टाचं नाव दिलं आहे, हे कदाचित तुमच्या लक्षात आलं नसेल. वनस्पती तुपाच्या डब्यांचे पत्रे कापून, त्यावर काळ्या रंगाने नावं लिहून, ते तारेने बांधले आहेत. पहिली ओळ म्हणजे नोकरीची सुरुवातीची वर्षं. त्यामुळे आमच्याकडे रोजच्या बातम्या अशा असतात: जैनथ सप्टेंबरात गेलं. उटनूर आणि इच्चोडा दसऱ्याच्या आठवड्यात. बोथबद्दल मतभेद आहेत. बाबा रोज सकाळी त्याची साल नखाने खरवडतात आणि आतून हिरवं आहे म्हणतात, कामाला येणारा मारोती म्हणतो, "साहेब, आता खरवडू नका, सरपन झालं ते." शेजारच्या चंपाबाई परवा कुंपणापाशी उभ्या राहून आईला विचारत होत्या की, एवढी गावं एकदम कशी काय गेली, काही साथ आली आहे का. त्यांना वाटलं आम्ही नातेवाइकांबद्दल बोलतो आहोत. आई म्हणाली, साथ नाही, मोठ्या दिरांचं पत्र आलं होतं.

पानं पिवळी आणि शिरा हिरव्या याचा अर्थ काय, हे मी जूनमध्ये सांगितलं होतं, तुम्हालाही सांगते. तुम्ही हा परिच्छेद गाळाल असं मला वाटतं, तरीही. माती आंबट आहे की उलट्या बाजूची, हे एका आकड्याने मोजतात. पुस्तकात त्याला सामू म्हणतात, आमच्या मातीपरीक्षण कचेरीत पीएच. सात म्हणजे मध्य. सातच्या खाली गेलं की आंबट, वर गेलं की अल्कधर्मी. आपल्या तुकड्यातली माती आठ पूर्णांक चार आहे, म्हणजे वरच्या बाजूला. कारण तिच्यात चुना आधीच आहे. कुदळ मारली की जे पांढरे खडे निघतात ती चुनखडीच. शोभेसाठी कुणी आणून टाकलेली नाही. अशा मातीत लोह असतं, पण ते मुळांना उचलता येत नाही. ताट वाढलेलं आहे आणि हात बांधलेले आहेत. लोह नाही म्हणून पान पिवळं. ही ताटाची उपमा मी मारोतीसाठी काढली होती. त्याने खाली बसून दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाला, "म्हंजे चुन्यानंच हात बांधले. मंग आमी वरून आखीन चुनाच काऊन टाकून राह्यलो?" मारोती चौथी नापास आहे. मी अकरा वर्षं विद्यार्थ्यांना गणित शिकवणाऱ्या आणि सतरा वर्षं हेडमास्तर राहिलेल्या माणसाला हे लिहिते आहे, याचं भान मला आहे.

चूक कुठे झाली तेही मला माहीत आहे, त्यामुळे तुम्ही शोधू नका. तुम्ही उन्हाळ्यात तीन महिने रत्नागिरीला यशवंतदादाकडे होतात. तिथली माती लाल. पाऊस इतका की चुना धुऊन निघून जातो आणि माती आंबट राहते. तिथे शेजारच्या गृहस्थांनी परसात चुना घातला आणि त्यांच्या भाज्या सुधारल्या. तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलंत. त्यात खोटं काही नाही. तुम्ही येताना तिथून दोन गोष्टी आणल्यात, आमसुलं आणि चुन्याचा उपाय. आमसुलं इकडेही आंबटच लागली, म्हणून उपायही इकडे लागू पडेल असा तुमचा समज झाला असावा. सर्दी झालेल्याला उपयोगी पडला म्हणून तोच काढा जुलाब झालेल्याला पाजावा, इतपत हे शास्त्र आहे.

बरं, कालचं पत्र तुम्ही काही न तपासता लिहिलंत असंही म्हणता येत नाही. भाऊबीजेला आलात तेव्हा तुम्ही स्वतः तुकड्यात गेलात, चिमूटभर माती जिभेवर ठेवली, डोळे मिटलेत, आणि म्हणालात, "व्यंकू, आंबट आहे." बाबांनीही चिमूट घेतली. त्यांनाही आंबट लागली. (त्यांना पंचेचाळीस वर्षं तुम्हाला जे लागतं तेच लागतं.) मी तेव्हा गप्प राहिले, कारण पाहुण्यांसमोर बोलायचं नसतं. पण त्याच्या पाच मिनिटं आधी तुम्ही दोघांनी मिळून लिंबाच्या लोणच्याची वाटी संपवली होती, ही गोष्ट मी पाहिली होती. आमच्या प्रयोगशाळेत वीस ग्रॅम माती पन्नास मिलिलिटर शुद्ध पाण्यात अर्धा तास ढवळतात आणि मग तिच्यात काचेची कांडी बुडवतात. दर नमुन्याच्या आधी ती कांडी धुतात. मागच्या नमुन्याची चव पुढच्याला लागू नये, एवढाच हेतू असतो.

आता कार्डाची हकीकत, कारण तुमच्या कालच्या पत्राचा आधार ते कार्ड आहे. पहिली तीन झाडं गेल्यावर मी बाबांना म्हटलं, माती नीट तपासू. ते तयार झाले, पण नमुना आपण स्वतः घेणार या अटीवर. नमुना कसा घ्यायचा याचं छापील पत्रक आमच्याकडे आहे: आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करावा, कडेचा पातळ काप काढावा, सगळं एकत्र मिसळून चार वाटे करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत. बाबांनी पत्रक वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि मग तुकड्याच्या ईशान्य कोपऱ्यातली माती घेतली, कारण ती दिशा चांगली. त्यातले खडे निवडले. मग ती माती तांदळासारखी दोन पाण्यांनी धुतली. वर्तमानपत्रावर वाळवली. आईच्या मैद्याच्या चाळणीने चाळली. (आईची प्रकृती मध्यम का, ते इथे कळेल.) मी घरी आले तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. धुतलेल्या मातीतून जे मोजायचं तेच निघून जातं, असं मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, सरकारी कचेरीत घाणेरडं पाकीट पाठवतात का. मग त्यांनी ती माती कापडात शिवली, शिवणीवर लाख ओतली, मोहर उमटवली, आणि मावल्याहून आदिलाबादला रजिस्टर पार्सल केलं. प्रयोगशाळा घरापासून पाच किलोमीटरवर आहे. मी तिथे रोज सायकलने जाते. तिसऱ्या दिवशी पोस्टमन सुधाकरराव ते माझ्या टेबलावर घेऊन आले आणि पोचपावतीवर माझी सही घेताना म्हणाले, "ताई, साहेबांची शिवण अजून तशीच हाये, टाका एक वाकडा नाई." मी नमुना तपासला नाही. रजिस्टरात लिहिलं: धुतलेला, एकाच जागेचा, ग्राह्य नाही. तसं छापील उत्तर त्यांना टपालाने गेलं. बाबा दोन दिवस माझ्याशी फक्त आईमार्फत बोलत होते.

शेवटी एका सकाळी मी आणि मारोतीने, ते फिरायला गेले असताना, चुना न घातलेल्या चार ओळींतून दहा जागी नमुना घेतला. आठ पूर्णांक चार. तीन वेळा मोजला, तीनही वेळा तेवढाच. त्याचं कार्ड मी रीतसर टपालाने घरी पाठवलं. बाबांनी पाकीट उजेडात धरून शिक्क्याची तारीख वाचली, शिक्का स्वच्छ उठला आहे म्हणाले, कार्ड पुढून मागून पाहिलं, खालची माझी सही पाहिली, आणि तुमचं मत मागवायला ते तुमच्याकडे निर्मल गावी रवाना केलं.

आणि काल तुमचं मत आलं. कार्डावर एक ते चौदा अशी पट्टी छापलेली आहे, ती तुम्ही बारकाईने पाहिलीत हे कौतुकास्पद आहे. तुम्ही लिहिता: "चौदापैकी आठ पूर्णांक चार म्हणजे बरोब्बर साठ टक्के. प्रथम वर्ग कसाबसा मिळाला आहे. एवढ्यावर समाधान मानणे मातीच्या हिताचे नाही. चुना वाढवल्यास पंचाहत्तर टक्के अवघड नाही." भागाकार बरोबर आहे. मी कागदावर करून पाहिला. फक्त ही परीक्षा नव्हे. यात चौदा गुण मिळवणाऱ्या पदार्थाने मोरीचं तुंबलेलं भोक मोकळं करतात. संत्र्याला साडेसहा-सात पुरतात, म्हणजे तुमच्या हिशेबाने ते झाड जेमतेम द्वितीय वर्गात सुखाने फळं देतं. पंचाहत्तर टक्के म्हणजे साडेदहा. साडेदहाला गवतही उगवत नाही. ओसाड राहण्यात मात्र त्या जमिनीला विशेष प्रावीण्य मिळेल. बाबांनी तुमचं पत्र जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं आणि साठ टक्क्यांपाशी थांबून माझ्याकडे पाहिलं. मॅट्रिकला मला एकोणसाठ होते, हे त्यांना आठवलं असावं.

मी बोलले, अण्णाकाका. कुणी असं समजू नये की घरात शिकलेली मुलगी आहे आणि ती गप्प बसली. जूनमध्ये बोलले, ऑगस्टमध्ये बोलले, काल पुन्हा बोलले. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "अण्णाने लिहिलंय ना." यावर वाद घालता येत नाही. त्यांच्या मते जे पाकिटात बंद होऊन, शिक्का बसून, अंतर कापून येतं ते खरं. जे टेबलापलीकडून भाजी वाढताना येतं ते बोलणं. आई नंतर मला म्हणाली, "तू त्यांना सांगत जाऊ नकोस. सांगितलेलं त्यांना ऐकू येत नाही, कळवलेलं येतं." तिने पस्तीस वर्षांच्या निरीक्षणातून हे काढलं आहे, त्यामुळे मी त्यात दुरुस्ती सुचवत नाही. आमच्या कचेरीतून वर्षाला दोन हजारांच्या वर कार्डं माझ्या सहीने जातात. भैंसा, मुधोळकडचे शेतकरी, माझ्या आजोबांच्या वयाचे, ती घडी करून टोपीत ठेवतात आणि त्यावर लिहिलंय तसं करतात. तीच सही आमच्या घरात आली की बाबा तिचं वळण सुधारलं आहे म्हणतात.

म्हणून हे पत्र. सोबत एक कागद आहे. त्यावरचा मजकूर तुम्ही तुमच्या हस्ताक्षरात, तुमच्या कागदावर उतरवून बाबांना पाठवावा. तो असा आहे:

"चि. व्यंकटेश यास आशीर्वाद. तू पाठवलेल्या कार्डाचा मी पुन्हा सखोल विचार केला. रत्नागिरीची माती लाल, आपली काळी. लाल मातीस चुना लागतो, हे माझे म्हणणे कायम आहे. काळीस तो निसर्गाने आधीच दिला आहे. सबब ट्रॉली रद्द कर. घातलेला चुना वरच्या मातीसकट खरवडून काढ. प्रत्येक झाडास दोन टोपल्या कुजलेले शेणखत, बुंध्यापासून हातभर दूर. पानांवर हिराकसाची, म्हणजे लोहक्षाराची, फवारणी: दहा लिटर पाण्यास पन्नास ग्रॅम हिराकस, दहा ग्रॅम लिंबूसत. ऊन उतरल्यावर. पंधरा दिवसांनी पुन्हा, असे तीन वेळा. आळ्यात पाणी तुंबू देऊ नये. प्रमाण चि. पद्मिनीकडून तपासून घ्यावे."

शेवटचं वाक्य ऐच्छिक आहे.

यात तुम्ही चुकलात असं कुठेही लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. 'सबब' आणि 'सखोल' हे शब्द तुमच्या मागच्या पत्रांतून घेतले आहेत. तुमचा सल्ला बदललेला नसून वाढला आहे, असं बाबांना वाटेल, आणि तसंच वाटावं. झाडं सुधारली तर श्रेय तुमचं. ते मी कुणासमोर, लग्नकार्यातसुद्धा, दुरुस्त करणार नाही.

काकूंना सांगा की त्यांनी दिलेला अनारशांचा डबा परत पाठवायचा राहिला आहे. त्यात सध्या हिराकस आहे. नवा डबा पाठवीन.

तुमची पुतणी, आणि ज्या कार्डाचे तुम्ही टक्के काढलेत त्यावर सही करणारी,
पद्मिनी

ता. क. निजामाबादच्या स्थळाबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी चार ओळी लिहिल्या आहेत. मुलीला "मातीकामाची आवड आहे" असं तुम्ही त्यांना कळवलंत. तो विषय या पत्रात नाही.

ता. क. २. वरच्या उपायाने बत्तीसही झाडं जगतील, असं मी लिहून देत नाही. सप्टेंबरात मी तिसऱ्या ओळीत तीन फूट खणून पाहिलं. दोन फुटांवर चुनखडीचा थर आहे, सलग. ही जागा संत्र्याची नव्हेच. फवारणीने पानं हिरवी राहतील, काही वर्षं, दर वर्षी केली तर. लावण्याआधी कुणी खणलं असतं तर पाऊण तासात कळलं असतं.

ता. क. ३. तुम्ही विचाराल की व्यंकू घरच्या मुलीला का विचारत नाही. विचारलं होतं. गेल्या वर्षी जूनमध्ये, कलमं आणण्याआधी, जेवताना म्हणाले, "पद्मा, एकदा माती बघशील का?" मी तेव्हा नोकरीत नवी होते. म्हटलं, घरचं म्हणून वेगळं करता येणार नाही, नमुना कचेरीत आणा, दरखास्त भरा, रांगेने या. ते आले. रांगेत पाऊण तास उभे होते, हातात टपालाच्या जाड कापडाची पिशवी. खिडकीशी मी होते. त्यांच्या दरखास्तीत सर्व्हे नंबर लिहायचा राहिला होता. मी ती परत केली. ते "बरं, मॅडम" म्हणाले, पुढचामागचा प्रत्येकजण म्हणतो तसंच, आणि पिशवी घेऊन घरी गेले. त्यानंतर त्यांनी मला मातीबद्दल काहीही विचारलेलं नाही. पुढच्या पंधरवड्यात त्यांनी कलमांबद्दल तुम्हाला लिहायला सुरुवात केली. म्हणून मी आता काहीही सांगितलं तरी उपयोग नाही, आणि म्हणून हे तुम्हाला लिहिते. हा परिच्छेद वाचून झाल्यावर फाडून टाकावा. बाबांना पाठवू नये.

तुमचं पत्र बाबांच्या हातात ट्रॉलीच्या आधी पडायला हवं, म्हणजे बुधवारच्या सकाळच्या टपालात टाकावं लागेल. पाठवणार की नाही, एवढं एका कार्डावर मला कचेरीच्या पत्त्यावर कळवावं. ते शुक्रवार, २२ नोव्हेंबरपर्यंत मिळावं.